चार काजांचा वेळ

४ फेब्रुवारी

बटण्या,

हे पत्र मी माझ्या मर्जीने लिहीत नाहीये, हे आधीच सांगून टाकते. वर आशीर्वाद लिहिलेला नाही, तोही विसरून नव्हे.

मला गृहपाठ मिळालाय. अठ्ठावन्नाव्या वर्षी! देणारी माझ्या लेकीच्या वयाची आहे. मनाच्या आजारांची डॉक्टर म्हणे. तिच्या खोलीत दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा एक खोका, आणि घड्याळ अशा भिंतीवर लावलंय की ते फक्त तिलाच दिसावं. गोळ्या देत नाही, नुसते प्रश्न विचारते. मी तिचं नाव प्रश्नबाई ठेवलंय. तुझ्या पुतणीने मला रक्तदाब तपासायचाय म्हणून घरातून काढलं आणि तिच्यासमोर नेऊन बसवलं. परतीच्या वाटेवर मी लेकीशी एक अक्षर बोलले नाही. तिने पण बोलायचा प्रयत्न केला नाही. सवय झालीये तिला.

तर प्रश्नबाईने मला यादी करायला लावली. मास्तर गेल्यापासून कुठे जात नाही, कशाला हात लावत नाही, कोणाशी बोलत नाही. पहिल्या दोन रकान्यांत मी पान भरून लिहिलं. तिसऱ्यात एकच नाव होतं. ती म्हणाली, "यांना पत्र लिहा." मी म्हटलं, "त्याला? त्याने काय केलंय माहितीये?" तर म्हणते, "तेच लिहा."

घे मग. दातांच्या डॉक्टरांचा राखाडी कोट. मास्तरांनी कटिंगच्या टेबलावर कापड पसरलं होतं, पाठीची रेघ मारली होती. पट्टी न लावता, नुसत्या हाताने, मानेपासून खालपर्यंत सरळ. ती तुझ्या दादाची शेवटची रेघ. मी ती पाच महिने चादर घालून जपली. आणि तू आलास, "वहिनी, कोट पुरा करून देतो" म्हणालास, आणि मी आत इस्त्री बंद करायला गेले तेवढ्यात ब्रश फिरवून ती पुसलीस. पांढरा खडू झटकला जातो तसा झटकलास. मी बाहेर आले तेव्हा तू कापडावर फुंकर मारत होतास.

दहा वर्षांचा असताना तू शर्टाचं बटण गिळलंस तेव्हा तुला पाठीवर घेऊन दवाखान्यात पळणारी मी. तुला दोरा ओवायला शिकवणारी मी. आणि तुला ती एक रेघ ठेवता आली नाही.

पुन्हा उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस म्हणाले होते, त्यावर मी ठाम आहे. उत्तराची गरज नाही.

वहिनी


१९ फेब्रुवारी

बटण्या,

पहिलं पत्र टाकलं म्हणून सांगितलं तर प्रश्नबाई खूष. मला वाटलं, सुटले. तर म्हणते, "अजून लिहावंसं वाटलं तर लिहा." मला काही वाटत नाही, पण आज कोणावर तरी चिडायचंय आणि लेक कामावर गेलीये.

मला काय झालंय ते तिने मला समजावून सांगितलं. शोक हा आजार नाही म्हणे. माणूस गेलं की रडायचंच, आणि कुणी किती रडायचं याचं माप नसतं. पण कुणाकुणाचा शोक एका जागी अडकून बसतो. तीन वर्षं झाली तरी पहिल्या आठवड्यासारखाच राहतो, पुढचं काहीच सुरू होऊ देत नाही. त्याच्यावर उपचार आहेत, सोळा भेटींचे. मी म्हटलं, "माझ्या फॅमिली डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या." ती म्हणाली, "त्याने झोप आली असेल." खरंय, झोप आली. उठल्यावर मास्तर नव्हतेच.

मी तिला तोंडावर सांगितलं, मला बरं व्हायचंच नाहीये. मी बरी झाले तर त्यांच्याकडे बघायला कोण राहिलं? त्यावर ती गप्प बसली. तिला गप्प बसवलं याचा मला दोन दिवस आनंद होता.

आता उपचार काय, तर ऐक आणि कपाळाला हात लाव. डोळे मिटून त्या दिवसाची गोष्ट सांगायची. सगळी, आत्ता घडतेय अशी. ती ते फोनवर रेकॉर्ड करते. मग ते घरी न्यायचं आणि रोज ऐकायचं. रोज! ऐकून झालं की स्वतःसाठी काहीतरी बरं करायचं, फिरायला जा, गाणी ऐका. म्हणजे आधी नवरा मरताना ऐका आणि मग गाणी ऐका. मी लेकीला म्हटलं, "हिला कुणी डिग्री दिली?" लेक म्हणाली, "आई, तू ऐकणार आहेस की मी नोकरी सोडून घरी बसू?" हल्ली ती असंच बोलते, माझ्यावर गेलीये.

तर रोज ऐकते. माझा आवाज इतका किनरा आहे हे मला माहीत नव्हतं. तुम्ही दोघं भाऊ तीस वर्षं हा आवाज ऐकत होतात आणि कुणी बोलला नाहीत. गोष्ट छोटीशीच आहे. दुपारची वेळ. मास्तर टेबलाशी, मी खिडकीपाशी, एका जाकिटाची काजं करत होते. चौथं काज संपवून दोरा तोडला, मान वर केली, तर ते स्टुलावरून घसरलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. हाका मारल्या, शेजारच्या चपलांच्या दुकानवाल्याने गाडी आणली. दवाखान्यात विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, "आत्ताच, अचानक." दुसऱ्या दिवशी सकाळी संपलं सगळं. एवढंच. अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे.

तुझं उत्तर आलं नाही. मी नकोच म्हटलं होतं. तरी पण.

वहिनी


१२ मार्च

बटण्या,

मी त्या बाईकडे पुन्हा जाणार नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे कुणी विचारलं तर तू साक्षीदार.

मागच्या पंधरवड्यात तिच्या सांगण्यावरून काय काय केलं बघ. यादीतल्या सोप्या गोष्टींपासून सुरुवात करायची असं तिचं म्हणणं. म्हणून बटणांच्या दुकानात गेले. दर सोमवारी मी आणि मास्तर जायचो तिथे. दुकानदाराने मला बघून सवयीने कोटाच्या बटणांचा डबा काढला आणि विचारलं, "मास्तर आले नाहीत?" तीन वर्षांत त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी कुणाला सांगितलं तर कळणार ना! तिथे उभं राहून मला माझ्या तोंडाने सांगावं लागलं. तो बिचारा डब्याचं झाकण हातात धरून उभाच राहिला. मग आम्ही दोघंही उगीचच बटणं निवडत बसलो. सहा राखाडी बटणं घेऊन आले, कशाला ते मलाही माहीत नाही.

मग ते स्टूल. माळ्यावर उलटं टाकलं होतं, ते लेकीने खाली काढलं. त्याच्यावर रोज पाच मिनिटं बसायचं असं ठरलं होतं. बसले. एक पाय डुगडुगतो अजून, तू त्याला पुठ्ठा लावणार होतास.

आणि एवढं करूनसुद्धा काल प्रश्नबाई काय म्हणते? माझी गोष्ट सांगून झाली, आठव्यांदा, आणि ती एकदम म्हणाली, "एक विचारू? चौथं काज म्हणता तुम्ही दर वेळी. त्याआधी तीन झाली होती का?"

मी म्हटलं, "तीनच्या नंतरच चौथं येतं."

"एका काजाला किती वेळ लागतो?"

"हाताने केलेलं? दहा मिनिटं. चांगलं करायचं तर."

"मग पहिलं काज घेतलंत तेव्हा मास्तर काय करत होते?"

मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. दाराशी एक जण वाट बघत होता, तो उठून उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "बसा, तुमचाही नंबर लागेल."

माझी काजं मोजणारी ही कोण? तिला साधा टाका घालता येतो का? तिच्या बाहीची शिवण उसवलीये, ती आधी बघ म्हणावं.

आज दुकानातसुद्धा माझ्याकडून एक काज धड झालं नाही. तीनदा उसवलं.

वहिनी


२० मार्च

ती. वहिनींना नमस्कार.

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर नको म्हणाला होतात म्हणून लिहिलं नाही. तिसरं वाचल्यावर राहवलं नाही. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, फॅक्टरीत दिवसभर फक्त कॉलरी जोडतो. पाच ओळींत आटपतो.

रेघ सरळ नव्हती, वहिनी. मी ती बघितली होती. वीतभर बरी होती, मग काठाकडे वाहत गेली होती आणि शेवटी नुसते खडूचे ठिपके होते. दादाने आयुष्यात असं कधी केलं नव्हतं. कुठल्याही शिंप्याने बघितलं असतं तरी त्याला कळलं असतं, रेघ मारतानाच हात गेला होता.

मला वाटलं, वर चादर आहे, म्हणजे तुम्ही नीट बघितलेली नाही. कधीतरी बघाल आणि तुम्हाला कळेल. ते होऊ नये म्हणून मी ब्रश मारला. फुंकर पण मारली.

मग तुम्ही जशा चिडलात, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुम्ही ती रोज बघत होतात. पण तेव्हा मी काय बोलणार? का पुसली हे सांगायचं तर काय दिसलं ते सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा शिव्या खाल्लेल्या बऱ्या.

चिडू नका. चिडलात तरी चालेल.

तुमचा
बटण्या

ता. क. स्टुलाला पुठ्ठा नको, लाकडाची चकती लावा. पुठ्ठा टिकत नाही.


२ एप्रिल

बटण्या,

तुझं पत्र आलं त्याला दहा दिवस झाले. पहिले चार दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की अंगाचा तिळपापड. शहाणा कुठला! अडीच वर्षं उपाशी ठेवल्यासारखं मला ठेवलंस. एक वाक्य बोलला असतास उंबऱ्यात उभं राहून, तर? मी काय तुला खाल्लं असतं?

खाल्लं असतं. माहितीये मला.

म्हणून आता जे परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं ते तुला सांगते. लेकीला नाही, दवाखान्यात नाही, त्या रेकॉर्डिंगमध्ये तर नाहीच.

ती रेघ मी दुसऱ्या दिवशी बघितली नाही. ती जात होती तेव्हाच बघितली. मी जाकीट मांडीवर घेतलं होतं, सुईत दोरा ओवत होते, आणि समोर मास्तरांचा हात काठाकडे निघालेला. मी काय म्हणाले माहितीये? "आज डोळे घरी ठेवून आलात का? परक्याचं कापड आहे ते." ते म्हणाले, "हात ऐकत नाहीये आज." मी म्हटलं, "मग बसा जरा स्वस्थ. मला ही काजं संध्याकाळच्या आत द्यायचीयेत." ते बसले. माझं ऐकून बसले, बटण्या. एरवी कधी ऐकलं होतं माझं?

आणि मी खाली मान घालून चार काजं केली. एक, दोन, तीन, चार. दर काजाला दहा मिनिटं. मध्ये एकदा त्यांनी काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं, मी "हं" म्हणाले. वर बघितलं नाही, कारण काजाच्या कोपऱ्यावर होते आणि कोपऱ्यावर नजर काढली की टाका सरकतो. ती चारही काजं इतकी सुरेख झाली होती. गिऱ्हाइकाने मुद्दाम निरोप पाठवला होता कौतुकाचा.

दवाखान्यात "आत्ताच" म्हणाले ते खोटं होतं. चार काजांचा वेळ गेला होता.

तुला वाटलं मी ती रेघ त्यांची आठवण म्हणून जपते. सगळ्यांना तेच वाटलं. मी ती माझ्यासाठी ठेवली होती. रोज सकाळी चादर उचलायची, बघायची, आणि मग दिवसभर हसायचं नाही, कुठे जायचं नाही. तू ती पुसलीस आणि मला वाटलं, माझ्या गुन्ह्याचा कागदच कुणी फाडला. आता मला शिक्षा कोण देणार? मग मी तुलाच हाकललं आणि माझ्या शिक्षेची तीही सोय करून घेतली.

हे सगळं मी परवा प्रश्नबाईला सांगितलं. हो, गेले परत. सांगितलं आणि मनाशी म्हटलं, आता ती म्हणेल, तुमची काही चूक नाही. मी त्याला उत्तर पण तयार ठेवलं होतं, चांगलं झणझणीत. तर ती तसं म्हणालीच नाही! म्हणाली, "लवकर नेलं असतं तर कदाचित फरक पडला असता. कदाचित नसता पडला. हे आपल्याला कधीच कळणार नाही." मग तिने विचारलं, "रेघ वाकडी गेली तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं?"

मी म्हटलं, "कापड वाया जाणार."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

ती म्हणाली, "आज तुम्हाला जे माहीत आहे ते घेऊन तुम्ही त्या दुपारकडे रोज बघता. त्या दुपारी ते तुमच्याजवळ नव्हतं." मला राग आला. त्या खोक्यातले निम्मे रुमाल मी संपवले. पुसत होते, आणि ते निकृष्ट कागदाचे आहेत हे पण तिला सांगत होते.

आणि नाटक अजून बाकी होतं. तिने तिसरी खुर्ची आणली. मास्तर समोर बसलेत असं समजायचं, त्यांच्याशी बोलायचं, आणि मग आपणच त्यांचं उत्तर द्यायचं. मी म्हटलं, "हे काय भातुकली खेळतोय का आपण?" पण तीन वर्षांत मी त्यांच्याशी मनात खूप बोलले होते, त्यांना मात्र एकदाही बोलू दिलं नव्हतं. ते तेव्हा लक्षात आलं.

मी म्हटलं, "अहो, मी तुमच्यावर ओरडले."

आणि मग मी त्यांच्या खुर्चीत बसले. आणि अचानक माझ्या तोंडून त्यांच्या त्या थंड आवाजात आलं, "तू रोजच ओरडायचीस. त्या दिवशी गोड बोलली असतीस तर मी घाबरलो असतो."

बटण्या, शपथेवर सांगते, हे मी ठरवून बोलले नाही. प्रश्नबाईला हसू आवरेना. मी तिच्यावर डोळे वटारले आणि मग मला पण हसू आलं, आणि हसता हसता जे रडू आलं ते वेगळंच होतं. दमल्यासारखं वाटलं, पण खूप काम करून दमावं तसं.

वर आशीर्वाद लिहायचा राहिला. हा इथे घे.

वहिनी


३ मे

बटण्या,

चार भेटी राहिल्यात. रेकॉर्डिंग नवीन केलंय, आता चारही काजं आत आहेत. चोवीस मिनिटांचं झालंय. अजूनही ऐकताना "हं" म्हटल्याच्या जागी पोटात खड्डा पडतो. प्रश्नबाई म्हणते, तो थोडा राहील. मी म्हटलं, "मग तुमच्या सोळा भेटी कशाला?" म्हणते, "खड्डा राहील, तुम्ही त्यात राहणार नाही." बोलायला हुशार आहे. तिची उसवलेली बाही मी शिवून दिली. तीन वेळा नको नको म्हणाली, म्हणे डॉक्टरने पेशंटकडून काही घ्यायचं नसतं. मी सुई काढली होती, मग काय करणार.

यादीत शेवटची एकच गोष्ट उरली होती. टेबल.

दातांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तीन वर्षांत एकदाही तगादा लावला नाही. फक्त दर वेळी दुकानावरून जाताना आत बघायचे आणि "घाई नाही" म्हणायचे. मास्तरांच्या टेपने माप घेतलं. पोटाला तीन इंच वाढलेत. म्हणजे ती रेघ अगदी फुटपट्टीसारखी सरळ असती आणि तू पुसली नसतीस तरी तिचा काही उपयोग नव्हता. मी हे त्यांना सांगितलं नाही, पण तुला सांगते.

काल सकाळी दुकान उघडलं, चादर काढली, धुवायला टाकली. लेक रजा काढून आली होती. मी कात्री उचलली. तुला माहितीये, मास्तरांची कात्री मी कधी धरली नाही. मी काजं, बटणं, अस्तर. कापायचं काम तुमचं. मास्तर म्हणायचे, तुला शिकवतो, मी म्हणायचे, मला वेळ कुठाय. ती इतकी जड असते हे मला माहीत नव्हतं.

पट्टी लावून रेघ मारली. सरळ आली. पाठ कापली, पुढचे दोन्ही भाग कापले. लेक म्हणाली, "आई, जमतंय की तुला!" तिथेच माझं डोकं फिरलं असणार. एक बाही कापली, मापाचा कागद उचलला, तसाच शेजारी ठेवला आणि दुसरी कापली. जोडून बघितलं, तर दोन्ही डाव्या! कागद उलटायचा असतो हे पहिल्या महिन्यात शिकणाऱ्यालासुद्धा कळतं. तीस वर्षं मी तुम्हा दोघांना बाह्या उलट करून कापताना बघितलंय आणि माझ्या हातून दोन डाव्या बाह्या.

प्रश्नबाईला सांगितलं तर ती यात नक्की काहीतरी अर्थ शोधेल. अर्थ-बिर्थ काही नाही. मी कागद उलटायला विसरले.

मी आणि लेक त्या दोन बाह्या हातात धरून इतक्या हसलो की चपलांच्या दुकानवाला बघायला आला. मास्तर असते तर त्यांनी त्या भिंतीवर टांगल्या असत्या आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवल्या असत्या.

आता उजव्या बाहीला कापड पुरत नाही. तुकडे आहेत, पण जोड द्यावा लागेल, आणि तो काखेत लपवायचा कसा ते मास्तरांनी तुला शिकवलंय, मला नाही. दातांच्या डॉक्टरांना मी पंधरा तारीख दिलीये. पहिल्यांदाच "घाई नाही" म्हणाले नाहीत. म्हणजे त्यांना कोट खरंच हवाय. सहा राखाडी बटणं पण माझ्याकडे आहेत.

उंबऱ्याबद्दल मी जे बोलले होते ते परत घेते. माफी वगैरे मागायची असते, ती तू आलास की मागेन. पत्रात लिहिली की तू फॅक्टरीत सगळ्यांना वाचून दाखवशील.

दुकान दहाला उघडतं. स्टुलाला चकती लावायचीये, ती पण घेऊन ये. कटिंगचं टेबल मोकळं आहे, तुझी बाजू खिडकीकडची, माझ्यासमोर. एक आधीच सांगून ठेवते. तुझी रेघ वाकडी गेली तर मी ओरडेन, ते काही सुटणार नाही. पण आधी सुई खाली ठेवेन आणि तुझा हात हातात घेऊन बघेन.

वहिनी